छऱ्याच्या बंदुकीवरील माशी : तबकडी नेमबाजीतील एका खुणेचा इतिहास

प्रस्तावना

मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजी आज ऑलिम्पिकमध्ये ट्रॅप व स्कीट या दोन प्रकारांत खेळली जाते. या खेळातील बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी धातूचा वा प्लास्टिकचा एक लहानसा मणी असतो. त्यास मराठीत माशी म्हणतात. ही माशी ठेवावी की काढून टाकावी, असा प्रश्न या खेळाच्या वर्तुळात वारंवार उपस्थित होतो. वरकरणी हा प्रश्न एका स्क्रूएवढाच आहे. तथापि माशी तेथे कोणत्या गरजेपोटी आली आणि ती गरज पुढे कशी बदलली, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या खुणेचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बसलेल्या पक्ष्यापासून उडत्या पक्ष्यापर्यंत

आरंभीच्या काळात पक्ष्यांची शिकार प्रायः पक्षी पाण्यावर किंवा फांदीवर बसलेला असताना होत असे. लक्ष्य स्थिर, शिकाऱ्याजवळ वेळ भरपूर. अशा स्थितीत डोळा, माशी व पक्षी एका रेषेत आणणे हाच नेम. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उडत्या पक्ष्यावर बार टाकण्याची पद्धत रुळत गेली आणि १७२७ मध्ये मार्कलँड याने या कलेवर एक संपूर्ण काव्यच प्रसिद्ध केले. कौशल्याची कल्पना बदलली, बंदुकीवरील खूण मात्र जुन्या कल्पनेचीच राहिली.

लंडनचा बंदूककार जोसेफ मँटन याने १८०६ मध्ये नळ्यांवरील उंच पट्टीचे पेटंट घेतले. (मँटन घराण्याचे नाव पुढे कोलकात्यातील पेढीमुळे हिंदुस्थानातही परिचित झाले.) या पट्टीमुळे छऱ्यांचा मारा किंचित वर जाई आणि उडणारा पक्षी नळीआड झाकून टाकण्याची गरज कमी होई. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही घटना निर्णायक मानावी लागेल. कारण दिशा दाखविण्याचे काम येथून पुढे मुख्यतः पट्टीकडे गेले. माशी तिच्या टोकावर टिकून राहिली, पण दुय्यम म्हणून.

कबुतर, काचेचा गोळा आणि तबकडी

पेटीतून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर नेमबाजी करणे हा इंग्लंडमधील जुना शौक. लंडनचा हर्लिंगहॅम क्लब १८६९ मध्ये त्याच कारणासाठी स्थापन झाला आणि तेथील हा प्रकार १९०५ मध्ये बंद पडला. दरम्यान अमेरिकेत काचेचे गोळे हवेत फेकण्याची टूम निघाली. अ‍ॅडम बोगार्डस या नेमबाजाने ती लोकप्रिय केली. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की याने मातीची चपटी तबकडी आणली. कबुतर कोठे वळेल याचा नेम नसे. तबकडी पुनःपुन्हा जवळजवळ त्याच मार्गाने जाते. त्यामुळे चूक पक्ष्याच्या माथी मारण्याची सोय संपली व नेमबाज आपल्या डोळ्याचा आणि हाताचा हिशेब मांडू लागला. माशीविषयीची शंका या हिशेबातूनच जन्मली, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकात रॉबर्ट चर्चिल या इंग्रज बंदूककाराने दृष्टी पक्ष्यावर ठेवावी, बंदुकीकडे पाहूच नये, अशी शिकवण आग्रहाने मांडली. अमेरिकी लष्कराने १९६७ मध्ये ‘क्विक किल’ या प्रशिक्षणात सैनिकांच्या हाती माशी काढलेल्या छऱ्याच्या हवाई बंदुका दिल्या, तोही याच विचाराचा एक आविष्कार. जॉर्जियातील लकी मॅकडॅनियल याची पद्धत त्यामागे होती.

डोळ्याचे गणित

मानवी डोळा एकाच वेळी जवळची व दूरची वस्तू सुस्पष्ट पाहू शकत नाही. माशी डोळ्यापासून सुमारे १ मीटरवर, तबकडी २० ते ३५ मीटरवर. माशी ३ मिलिमीटर व्यासाची धरल्यास ३५ मीटर अंतरावर ती साडेदहा सेंटिमीटर रुंदी झाकते. आंतरराष्ट्रीय तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर आहे. अर्थात माशीने तबकडी झाकून नेम धरणारा नेमबाज ती दिसेनाशी झाल्यावरच चाप ओढतो.

दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. दृष्टी माशीवर आली की हात थबकतो. तबकडीचा वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर बंदूक केवळ एक दशांश सेकंद थांबली तरी तबकडी २ मीटर पुढे जाते. त्या अंतरावर स्कीटच्या बंदुकीतील छऱ्यांचा प्रभावी पसारा पाऊण मीटरच्या आसपास असतो. म्हणजे बार मागेच पडणार. जो कॉझर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्रेष्ठ नेमबाजांची नजर तबकडीवर इतरांपेक्षा लवकर स्थिरावते व अधिक काळ टिकते, असे आढळले. पॅरिस येथे २०२४ मध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान व अनंतजीत सिंग नरुका या भारतीय जोडीचे कांस्यपदक ४४ विरुद्ध ४३ असे हुकले. एका तबकडीचे मोल एवढे असते.

मग माशी काढावी काय?

एवढ्यावरून माशी निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल. ट्रॅपमध्ये तबकडी मागण्यापूर्वीच बंदूक खांद्याला लावण्याची मुभा आहे. दस्ता गालाशी नीट बसला की नाही, पट्टी तिरपी तर दिसत नाही ना, हे त्या क्षणी माशी व मधला मणी यांच्या जुळणीवरून तपासता येते. तपासणी झाली की नजर दूर न्यायची. त्यानंतर माशीचे काम उरत नाही. आंतरराष्ट्रीय स्कीटमध्ये बंदूक कमरेजवळ धरून तबकडीची वाट पाहावी लागते. तेथे अशा तपासणीस अवसरच नाही. त्यामुळे ट्रॅपच्या नेमबाजाचा अनुभव स्कीटवाल्यास जसाच्या तसा लागू करणे चुकीचे आहे; या प्रश्नावरील पुष्कळसे वाद या गल्लतीतून उद्भवतात.

नवशिक्याने माशी काढू नये, असे आम्हास वाटते. बंदूक अद्याप एकाच जागी बसत नसेल, तर माशी गेल्याने दोष जात नाही, फक्त तो दिसेनासा होतो. ज्याची बंदूक दरवेळी गालाशी तशीच येते आणि तरीही बार मागे पडतात, त्याने प्रथम माशीवर काळी चिकटपट्टी लावून २५ तबकड्यांच्या चार-पाच फेऱ्या खेळाव्यात व कोणत्या तबकड्या सुटल्या ते टिपून ठेवावे. फरक दिसला तरच स्क्रू फिरवावा. माशी बहुधा आट्यांवर बसविलेली असते, ती परत लावता येते. भडक रंगाच्या, चमकणाऱ्या माश्या बाजारात विपुल आहेत. नजर ओढून घेणे हाच त्यांचा गुण, आणि म्हणूनच बहुतेकांसाठी तोच दोष. उजव्या खांद्यावरून बंदूक चालविणाऱ्या ज्या खेळाडूचा डावा डोळा प्रबळ आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो डोळा माशी बळकावतो आणि बार डावीकडे जातो. अशा खेळाडूने माशीच्या वादात पडण्यापूर्वी चष्म्याच्या डाव्या काचेवर लहानशी अर्धपारदर्शक पट्टी लावून पाहावी.