गोळीतले अस्वल आणि त्याची साखळी

अस्वलाच्या आकाराची, रबरासारखी लवचीक, अर्धपारदर्शक गोळी आज जगभरच्या दुकानांत मिळते. ती पाहून कुणाला साखळी किंवा दरवेशाची काठी आठवत नाही, पण तिचा उगम तिथेच आहे. जर्मनीतल्या बॉन शहरात हान्स रीगल या मिठाईवाल्याने १३ डिसेंबर १९२० रोजी स्वतःचा धंदा नोंदवला. आपले नाव, आडनाव आणि शहर यांची आद्याक्षरे जोडून त्याने धंद्याला ‘हारिबो’ म्हटले. भांडवल होते साखरेचे एक पोते, संगमरवरी फरशी, एक स्टूल, विटांची चूल, तांब्याची कढई आणि एक लाटण्याचा रूळ. पुढच्या वर्षी त्याची पत्नी गेर्ट्रूड त्याच्या हाताखाली काम करू लागली आणि सुरुवातीचा माल ती सायकलवरून पोचवत असे. १९२२ मध्ये रीगलने फळांच्या चवीची एक गोळी काढली आणि तिला मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या अस्वलाचा आकार दिला. तिचे नाव होते ‘टान्ट्सबेअर’, म्हणजे नाचणारे अस्वल. त्या काळी युरोपातल्या जत्रांमधून आणि बाजारांमधून अस्वले नाचवली जात, आणि गोळीची कल्पना त्या खेळावरून सुचली असे कंपनीच्या इतिहासातच सांगितलेले असते. खाऊतले, खेळण्यातले आणि गोष्टीतले गोड अस्वल जंगलातून थेट मुलांच्या ओंजळीत आले, असे आपण गृहीत धरतो. ते खरे नाही. आधी अस्वल जंगलातून संपले, मग उरलेल्याला वेसण घातली गेली, आणि त्या वेसणीतल्या अस्वलाची प्रतिमा पुढे गोड झाली. प्रत्येक नव्या रूपात वेसण तेवढी गळून पडत गेली.

१९२२ साली ऱ्हाइन नदीकाठच्या एखाद्या मुलाला अस्वल कुठे दिसू शकत होते, हे आधी पाहायला हवे. रानात तर मुळीच नाही. बव्हेरियातल्या रुपोल्डिंगजवळ १८३५ मध्ये एक अस्वल मारले गेले आणि जर्मनीच्या भूमीवरचे ते शेवटचे रानटी अस्वल मानले जाते. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी रीगलने आपला साचा केला. दरम्यानच्या तीन-चार पिढ्यांनी अस्वल पाहिले ते एकतर प्राणिसंग्रहालयात किंवा दोरीला बांधलेले. दोरी धरणारे दूरदूरहून येत. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातल्या आरिएज भागात एकोणिसाव्या शतकात हा गावोगावचा पोटापाण्याचा धंदा होता. बाल्कन देशांत रोमा लोकांमधली उर्सारी ही जमात पिढ्यानपिढ्या त्यावर जगत होती. आजच्या बेलारूसमधल्या स्मोर्गोन गावी तर राद्झिविल या सरदार घराण्याच्या आश्रयाने अस्वलांची ‘अकादमी’च चालत असे. शिकवण्याची रीत सगळीकडे सारखीच होती. पिल्लू लहानपणी पकडायचे (त्यासाठी बहुधा आईला मारावेच लागे), नाकात किंवा ओठात कडी घालायची, दात-नखे निकामी करायची. वाजणाऱ्या वाद्याशी वेदनेची सांगड घातली की पुढे नुसते वाद्य पुरे होई. अस्वल रानातही मागच्या पायांवर उभे राहते, पण ते दूरचा वास घ्यायला किंवा गवताच्या वर डोके काढून पाहायला, आणि तेही क्षणभरच. तासन्‌तास उभे राहणे, पाय बदलत डोलणे, हे नाकातल्या कडीला वरून बसणाऱ्या हिसक्याने घडते. रीगलच्या गोळीने अस्वलाची जी ठेवण उचलली, ती ही.

ही अधोगती काही एका शतकात झाली नाही. फ्रेंच इतिहासकार मिशेल पास्तुरो यांनी दाखवून दिले आहे की उत्तर युरोपात अस्वल एके काळी प्राण्यांचा राजा होते आणि मध्ययुगात चर्चच्या दीर्घ प्रयत्नांनी ते स्थान सिंहाकडे गेले. संतचरित्रांत याचे दाखले भरपूर आहेत. फ्रायझिंगच्या संत कॉर्बिनियनचे ओझ्याचे जनावर अस्वलाने मारले, तेव्हा संताने त्या अस्वलाच्याच पाठीवर गाठोडे लादून ते रोमपर्यंत नेले, अशी कथा आहे. ते गाठोडेवाले अस्वल फ्रायझिंगच्या राजचिन्हावर आहे आणि तिथे आर्चबिशप राहिलेले पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ते आपल्याही चिन्हात ठेवले होते. धूर्त कोल्हा रेनार्डच्या कथांमध्ये अस्वल मधाच्या लोभाने फाटलेल्या ओंडक्यात तोंड अडकवून घेते आणि गावकऱ्यांचा मार खाते. आज मुलांच्या पुस्तकात मधाच्या बरणीत तोंड घालणारे जे गोंडस अस्वल दिसते, त्याचा हा पूर्वज आहे, आणि त्याच्या गोष्टीत रक्त आहे. कवी हाइनेने १८४१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आट्टा ट्रोल’ या दीर्घकाव्याचा नायकच साखळी तोडून पळालेले नाचरे अस्वल आहे. शेवटी त्याची शिकार होते आणि त्याचे कातडे पॅरिसमध्ये पलंगाजवळचे अंथरूण होते. नाचणाऱ्या अस्वलाच्या जगण्यात काय असते, हे जर्मन वाचकाला ठाऊक नव्हते असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

मराठी वाचकालाही ते परके नाही. नाकात वेसण घातलेले काळेभोर अस्वल घेऊन गावोगाव फिरणारा दरवेशी महाराष्ट्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाहिला आहे. घाबरट पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवले की त्याची भीती जाते, अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधला की दृष्ट लागत नाही, ही समजूत त्याच्या धंद्याचा मोठा आधार होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ बेकायदा ठरवला, पण तो थांबायला साडेतीन दशके लागली. अस्वले नाचवणाऱ्या कलंदर समाजाला दुसरे कामधंदे मिळवून देत ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने सहाशेहून अधिक अस्वले सोडवली. डिसेंबर २००९ मध्ये ‘राजू’ नावाचे अस्वल बन्नेरघट्ट्याच्या केंद्रात आल्यावर भारतातली ही प्रथा संपल्याचे जाहीर झाले. बल्गेरियातले शेवटचे नाचरे अस्वल त्याआधी दोनच वर्षे, २००७ मध्ये, बेलित्सा इथल्या उद्यानात पोचले होते. म्हणजे रीगलच्या गोळीचे जिवंत मूळ आपल्या पिढीपर्यंत रस्त्यावर उभे होते. गोळी आणि ताईत यांची ही जवळीक मला महत्त्वाची वाटते. दोन्हींत वश केलेल्या बलवान जनावराचा एक निरुपद्रवी कण मुलाच्या हाती दिलेला आहे. ताईत बांधणाऱ्या आईला मात्र तो कण कुठल्या जनावराचा, हे माहीत असे, कारण ते जनावर दारातच उभे असे.

यावर पहिला आक्षेप टेडी बेअरचा येईल. अस्वलाविषयीचे आधुनिक प्रेम करुणेतून जन्मले, साखळीतून नव्हे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती तो मोठा पुरावा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले, समोर आणलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, क्लिफर्ड बेरीमन यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्यावर व्यंगचित्र काढले, ब्रुकलिनच्या मॉरिस मिच्टम यांनी ‘टेडीचे अस्वल’ शिवून दुकानात ठेवले. ही गोष्ट इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण ते अस्वल अध्यक्षांसमोर आले कसे? एके काळी गुलामगिरीत राहिलेले नामांकित वाटाडे होल्ट कॉलियर यांनी ते कुत्र्यांच्या साहाय्याने कोंडून, जखमी करून, झाडाला दोराने बांधून ठेवले होते. बांधलेल्या जनावरावर नेम धरणे शिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून रूझवेल्ट थांबले. मग त्याच्या यातना संपवण्यासाठी ते सुरीने मारण्यात आले. चित्रातही अस्वलाच्या गळ्यात दोर आहे. खेळण्यात तो नाही. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीच्या रिशार्ड श्टाइफने हलणाऱ्या हातापायांचे मऊ अस्वल घडवले, तेही श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलांची रेखाटने करून. करुणा या इतिहासात आहे, ती मी नाकारत नाही. पण जिच्यापुढे अस्वल आधीच बांधलेले किंवा पिंजऱ्यात आहे अशी ती करुणा आहे, आणि मोकळ्या अस्वलाशी तिची अजून गाठच पडलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रेमळ अस्वल लोककथेत फार जुने आहे, मग त्याचे श्रेय जत्रेला कसे द्यायचे? ग्रिम बंधूंच्या संग्रहात १८३७ च्या आवृत्तीत आलेल्या दोन बहिणींच्या कथेत थंडीने काकडलेले अस्वल झोपडीत येते, मुली त्याच्या केसांशी खेळतात, त्याला छडी मारतात आणि ते सहन करते. पण शेवटी हेच अस्वल दुष्ट बुटक्याला पंजाच्या एका फटक्यात ठार करते. त्याचा मऊपणा त्याच्या बळासकट आहे. आपल्याकडचा जांबवान तर याहून मोठा. स्यमंतक मण्याची गोष्ट महाराष्ट्रात गणेशचतुर्थीला घरोघर सांगितली जाते. जांबवान सिंहाला मारून मणी आणतो, गुहेत आपल्या बाळाला तो खेळायला देतो, आणि भागवताच्या कथेनुसार प्रत्यक्ष श्रीकृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो. बाळाला मणी देणारा बाप आणि देवाला अठ्ठावीस दिवस दमवणारा मल्ल, हे दोघे त्या गोष्टीत एकच आहेत. ते वेगळे काढण्याची गरज कथेकऱ्याला कधी वाटली नाही. हा वेगळेपणा पुढे कसा आला, ते बल्लूकडे पाहिले तर कळते. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये तो सिवनीच्या रानातला कडक मास्तर आहे. तो मोगलीला जंगलाचा कायदा शिकवतो आणि चुकला तर फटकेही देतो. १९६७ च्या डिस्नेपटात तोच गाणारा, पोट खाजवणारा, कसलीच चिंता नसलेला सोबती झाला. आज जगाला दुसरा बल्लू आठवतो. म्हणून लोककथेतला प्रेमळपणा आणि खाऊतला गोडवा एका माळेत ओवणे मला मान्य नाही. पहिल्यात अस्वल नकार देऊ शकत होते.

गोळीचा पुढचा प्रवासही त्याच दिशेने झाला. तिची घडण मोठी सुबक आहे: मक्याचे पीठ ताटात सपाट पसरून त्यावर अस्वलाचे ठसे दाबायचे, उमटलेल्या खळग्यांत गरम पाक ओतायचा, तो सुकू द्यायचा, पीठ झाडायचे आणि गोळ्यांना मेणाची चकाकी द्यायची. सुरुवातीला पाकाला बांधणारा पदार्थ डिंक होता, नंतर त्याची जागा जिलेटिनने घेतली. जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेल्या त्या पदार्थाने गोळीला ताण आणि लवचीकपणा आला. रीगल १९४५ मध्ये वारला. युद्धकैदेतून परतलेल्या हान्स आणि पाउल या मुलांनी कारखाना पुन्हा उभा केला आणि १९६० मध्ये ‘गोल्डबेअर’ बाजारात आणले. जुने टान्ट्सबेअर उंच, सडपातळ होते. नवे ठेंगणे, गुबगुबीत, पाय पोटाशी घेतलेले झाले. नावातला नाच गेला, अंगातला बाकही गेला. पुढे चॉकलेटच्या सोनेरी वेष्टणातल्या अस्वलावरून हारिबो आणि लिंट यांचा खटला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये निकाल लिंटच्या बाजूने लागला. तोपर्यंत सोनेरी अस्वल ही दोन कारखान्यांच्या मालकी हक्काची बाब होऊन बसली होती.

यात बिघडले काय, असा तिसरा प्रश्न उरतो. मुलांना अस्वल आवडू लागले तर अस्वलाचेच भले होईल, हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण प्रेमावाचून संरक्षणाला लोकांचे पाठबळ मिळत नाही. पण घडलेल्या गोष्टी पाहू. ज्या अस्वलावरून टेडी बेअर झाले, ते लुइझियाना काळे अस्वल खेळणे घरोघर पोचत असतानाच दलदलीची जंगले तुटल्याने घटत गेले. १९९२ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले आणि २०१६ मध्ये ते यादीतून काढण्याइतके सावरले. त्याला सावरले जंगल राखल्याने, खेळण्याने नव्हे. इटलीच्या त्रेन्तिनोत जन्मलेले ‘ब्रुनो’ हे अस्वल मे २००६ मध्ये ऑस्ट्रियामार्गे बव्हेरियात आले. १८३५ नंतर जर्मनीत आलेले ते पहिलेच रानटी अस्वल. आधी त्याचे स्वागत झाले, मग त्याने मेंढ्या मारल्या, मधमाश्यांच्या पेट्या फोडल्या, आणि २६ जून रोजी सरकारी आदेशाने त्याला गोळी घालण्यात आली. निषेध मोठा झाला. पण पावणेदोनशे वर्षे अस्वलाशिवाय जगलेल्या त्या मुलखात अस्वलासोबत राहण्याची कसलीच रीत उरली नव्हती, आणि गोड प्रतिमेने ती पुरवली नाही. त्याचे पेंढा भरलेले शरीर आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

याच्या उलट विदर्भात पाहावे. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, या भागांत अस्वल अजून माणसाच्या शेजारी आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला बाया-माणसे रानात जातात. तीच फुले खायला अस्वलही येते. त्याची नजर अधू, वासाची जाण तीव्र. अचानक समोरासमोर आले की ते पळण्याऐवजी अंगावर येते, आणि तोंडावर-डोक्यावर झालेल्या जखमा घेऊन जगणारी माणसे तिथल्या गावांत आहेत. म्हणून तिथे मोह वेचायला एकटे जात नाहीत, बोलत-खाकरत जातात, वारुळाशेजारची ताजी उकर दिसली की वाट बदलतात. या माणसांना अस्वल गोड वाटत नाही. तरी त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, त्याच्या गुहा आणि त्याचे आवडते मोह त्यांना पाठ आहेत.