श्रवणाकडून वाचनाकडे : पूर्वकालीन स्त्रियांच्या वाचनसभा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ज्ञान स्त्रियांच्या कानांवर पडत असे, हाती मात्र येत नसे. चातुर्मासात पुराणिकबुवा पोथी सांगत, जैन मंदिरांत पंडितजींचे शास्त्रवाचन चाले. स्त्रिया एका बाजूस बसून श्रवण करीत. कित्येकींना कथा मुखोद्गत असत, परंतु पोथीतील अक्षर ओळखणारी विरळा. लिहिणे-वाचणे शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येते, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली होती.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रमाबाईंचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पतीने शिकविण्यास प्रारंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष ओढवला. टोमणे, अबोला, सारे रमाबाईंनी निमूटपणे सोसले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात ते त्यांनी लिहूनही ठेवले. मात्र विरोध करणाऱ्या त्या स्त्रियांनाही विद्येचे दार कोणी उघडून दिलेले नव्हते, हे विसरता येत नाही.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांना संस्कृत शिकविले ते त्यांच्या मातोश्रींनी. त्या काळी हे नवलच! त्यांनी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात स्त्रिया एकत्र जमू लागल्या, व्याख्याने ऐकू लागल्या. रानडे यांच्या रमाबाईही तेथे जात, आणि घरातील विरोध अधिकच तीव्र झाला. खोलीत बसून केलेले वाचन एकवेळ झाकता येई. सभेस जाणे झाकता येत नसे. खरा संघर्ष पुस्तकापेक्षा उंबरठ्याचा होता.

काशीबाई कानिटकर यांची वाटचालही अशीच. विवाहानंतर त्या वाचू लागल्या. पती गोविंद वासुदेव आणि स्नेही हरि नारायण आपटे यांच्या सहवासात साहित्यचर्चेची गोडी लागली आणि वाचणारी स्त्री लेखिका झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी १८८९ साली लिहिले. पुढे आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहिली, तेव्हा यमू स्वतःच आपली कहाणी सांगत होती. घराघरांतील मुलींना आपले दुःख प्रथमच छापील अक्षरांत भेटले.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा आरंभीचे वर्ग रानडे यांच्याच वाड्यात भरले. शिक्षण अर्धवट सुटलेल्या आणि विधवा झालेल्या स्त्रिया तेथे पाटी-पुस्तक घेऊन बसू लागल्या.