हळद, पेटंट आणि आजीचा पुरावा

गेल्या शनिवारी कांदा चिरताना बोट कापलं. हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे गेला आणि चिमूटभर हळद दाबून मी मोकळा झालो. मग आठवलं, १९९५ ते ९७ च्या दरम्यान अमेरिकेत हेच केलं असतं तर कागदोपत्री तो पेटंटचा भंग ठरला असता!

झालं असं. २८ मार्च १९९५ ला मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला अमेरिकन पेटंट क्र. ५४०१५०४ मिळालं. विषय: जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. गंमत म्हणजे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे. म्हणजे त्यांच्याही घरात कुणीतरी हळद लावलीच असणार की!

त्यावेळी आपल्या सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. आता तुम्ही म्हणाल, यात सिद्ध काय करायचं? कुठल्याही आजीला विचारा! पण खरी मेख तिथेच होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी माहिती जमेस धरत नसत. छापील पुरावा लागे. (हा भेद २०१३ पासून गेला.) आमच्या भाषेत सांगायचं तर कोड वर्षानुवर्षं चालतंय, पण डॉक्युमेंटेशन दाखवा!

मग संस्कृत, उर्दू, हिंदी असे ३२ संदर्भ जमवले गेले. त्यात १९५३ चा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट ऑफिसने दावे फेटाळले. धडा घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. जुन्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत, जेणेकरून परदेशी परीक्षकाला ती वाचता यावी.

इथपर्यंत छाती फुगते. पण खरी गोची पुढे आहे. ही केस सांगून "बघा, अमेरिकेनेही हळदीचे गुण मान्य केले" म्हणणारे बरेच भेटतात. अहो, तसं काही झालंच नाही! पेटंट रद्द झालं ते 'हे नवीन नाही' म्हणून. 'हे खरं आहे का' हा प्रश्न तिथे निकाली निघालाच नव्हता. जुनं असणं आणि सिद्ध होणं, या दोन वेगळ्या गोष्टी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा कडू आहे. हळदीत कर्क्युमिन असतं वजनाच्या साधारण ३ टक्के, आणि तेही पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पिपरिनमुळे ते बरंच जास्त शोषलं जातं. पण शोषलं जाणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'तल्या आढाव्यात १२० हून अधिक चाचण्यांचा उल्लेख होता. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरं औषध कुणाला दिलंय ते माहीत नाही, अशा काटेकोर चाचण्यांपैकी एकही यशस्वी झालेली लेखकांना आढळली नाही.

म्हणून आजी खोटी ठरते का? मला नाही वाटत. तिने कर्करोग बरा करायचा दावा कधी केलाच नव्हता. तो आपण कॅप्सूलच्या बाटलीवर वाचला.

असो. बोट आता बरं आहे. हळदीमुळे की आपोआप, हे मात्र एका बोटावरून सांगता येत नाही :-)