कोल्ड केस (दूरचित्रवाणी मालिका)

'कोल्ड केस' ही उकल न होता पडून राहिलेल्या खुनांच्या फेरतपासावर आधारलेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका आहे. मेरेडिथ स्टीम यांची ही मालिका सीबीएस वाहिनीवर २८ सप्टेंबर २००३ ते २ मे २०१० या काळात प्रसारित झाली. सात हंगामांत तिचे १५६ भाग झाले. कथानक फिलाडेल्फिया शहरात घडते. लिली रश (कॅथरिन मॉरिस) ही पोलीस अधिकारी आणि तिचे सहकारी जुन्या प्रकरणांची खोकी पुन्हा उघडतात.

बहुतेक भागांचा आरंभ खून झालेल्या व्यक्तीच्या हयातीतील प्रसंगाने होतो. साक्षीदार आठवणी सांगू लागला की क्षणभर त्याचे तरुणपणीचे रूप दिसते. अखेरीस मृत व्यक्तीही ओझरते दर्शन देते. खुनी कोण, यापेक्षा पूर्वीचा तपास का थांबला हा प्रश्न मालिकेत अधिक बोचरा ठरतो. वर्णभेद, समलिंगी व्यक्तींविषयीचा तिटकारा, स्त्रियांना दिलेले दुय्यम स्थान यांकडे ती वारंवार वळते. 'टॉर्न' या भागातील खून तर १९१९ सालचा, स्त्री-मताधिकाराच्या चळवळीच्या काळातला आहे.

प्रत्येक भागात त्या त्या वर्षाची मूळ गाणी वापरली आहेत. काही भागांत तर एकाच कलावंताची गाणी आहेत, उदाहरणार्थ ब्रूस स्प्रिंगस्टीन. काळ उभा करण्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे. मात्र त्यांच्या हक्कांच्या अडचणींमुळेच मालिकेचे डीव्हीडी संच दीर्घकाळ निघू शकले नाहीत.

२०१६ मध्ये वावाव या वाहिनीने मालिकेची जपानी आवृत्ती काढली.