रुमालाआधीची जीभ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरहून खानदेशाकडे एकट्याने निघण्यास वाटसरू सहसा धजत नसे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली, माळव्याच्या अफूचा व्यापार वाढला, आणि सावकारांची माणसे सोनेरुपे घेऊन या वाटेने जाऊयेऊ लागली. चोरांची धास्ती प्रत्येकाला होती. त्या धास्तीवरच ठगांचा धंदा चाले.

ठग म्हटला की गळ्याभोवतीचा रुमाल आठवतो. वास्तविक ते अखेरचे साधन. पहिले साधन जीभ. टोळीत 'सोथा' म्हणून एक असामी असे. वाटसरूस बोलण्यात गुंतवून सोबतीला आणणे एवढेच त्याचे काम. "पुढची वाट धोक्याची आहे, मिळून जाऊ," असे तोच आधी सुचवी!

स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने एक हकीकत नोंदली आहे. पंजाबातून अयोध्या प्रांताकडे निघालेला एक शस्त्रधारी मोगल सरदार अतिशय सावध होता. हिंदू प्रवाशांचा मेळ भेटला, त्याने त्यांना हाकलले. मुसलमानांचा मेळ भेटला, त्यांनाही दूर ठेवले. पुढे काही गरीब मुसलमान एका प्रेताजवळ रडत बसलेले दिसले. कबर खणून तयार होती, परंतु अंत्यप्रार्थना म्हणणारा कोणी नव्हता. सरदाराचे मन द्रवले. तो घोड्यावरून उतरला, शस्त्रे बाजूस ठेवली, हातपाय धुऊन गुडघे टेकले. आणि फास पडला. जो भयाने वा लोभाने फसला नाही, तो भूतदयेने फसला.

अमेरिकेत १९४७ साली निघालेल्या 'नाइटमेअर ॲली' या चित्रपटातील जत्रेतला मनकवडा याच जातीचा. समोरच्याचे दुःख कोठे आहे ते हेरावे आणि तेथेच बोट ठेवावे, ही त्याची विद्या.

इंदूरच्या उत्तरेस महिदपूर येथे कॅप्टन बोर्थविकने १८२९ साली एक मोठी टोळी पकडली. १८३० च्या अखेरीस फिरंगिया हा नामांकित ठग स्लीमनच्या हाती लागला व माफीचा साक्षीदार झाला. सलोहदा येथील आमराईत स्लीमनचा तंबू होता. फिरंगियाने त्याच जागी खणावयास लावले आणि सांगाडे निघाले. यापुढे त्याच्या शब्दावर अविश्वास कोण दाखविणार?

प्रश्न येथेच उभा राहतो. ज्यांची सारी हयात दुसऱ्याचा विश्वास संपादन करण्यात गेली, त्यांच्याच जबान्यांवर शेकडो माणसे फासावर व काळ्या पाण्यावर गेली. सांगाडे खरे होते, यात शंका नाही. पण कोण टोळीत होता व कोण नव्हता, हे सांगाडे सांगत नाहीत. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा ठरला. देवीच्या आज्ञेने चालणारा अखिल हिंदुस्थानी पंथ हे चित्रही बव्हंशी याच जबान्यांतून उभे राहिले. ते साहेबाच्या अपेक्षेप्रमाणे कितपत रंगविले गेले, याविषयी अलीकडील इतिहासकारांना रास्त शंका आहे.

साक्षीदार झालेल्या ठगांसाठी १८३७ च्या सुमारास जबलपूरला उद्योगशाळा निघाली. तेथे ते तंबू व गालिचे विणीत. गोरे पाहुणे त्यांना मुद्दाम पाहावयास येत, आणि म्हातारे ठग जुन्या हकीकती त्यांना रंगवून सांगत.