'यलोस्टोन' लिहिणाऱ्याने खरोखरची रँच विकत घेतली! पण पडद्यावरच्या घोड्यांचं रँचवर नेमकं होतं काय?

'यलोस्टोन' या अमेरिकन सिरीजमध्ये जिमी नावाचं एक पात्र आहे. भुरटा चोर, पुढे कसाबसा काउबॉय झालेला. घोड्यावर बसायचं म्हटलं की याचा अर्धा वेळ जमिनीवर पडण्यात जातो. शेवटी मालक वैतागतो आणि त्याला टेक्सासमधल्या एका रँचवर पाठवून देतो. तिथे गेला तर माणूस बनेल, नाहीतर मोडेल, असा एकूण हिशोब.

त्या रँचचं नाव 6666, म्हणजे 'फोर सिक्सेस'. ती काल्पनिक नाही. टेक्सासमधल्या गथ्री या गावाजवळ ती खरोखर आहे, 1870 पासून आहे. आणि जिमीची गोष्ट टीव्हीवर रंगत असतानाच एक गंमत झाली. सिरीजचा लेखक टेलर शेरिडन आणि त्याच्यासोबतच्या गुंतवणूकदारांनी ही रँचच विकत घेतली. व्यवहार 2022 च्या जानेवारीत पूर्ण झाला. रँचचे संस्थापक बर्क बर्नेट यांची पणती अॅन मॅरियन यांचं फेब्रुवारी 2020 मध्ये निधन झालं आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार रँच विक्रीला निघाली होती. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 66 हजार एकर. म्हणजे अख्खी बृहन्मुंबई आत बसवून वर पाऊण मुंबई आणखी मावेल एवढी जमीन.

बर्क बर्नेटने ही रँच पत्त्याच्या डावात चार छक्के दाखवून जिंकली, अशी दंतकथा आजही शेअर होत असते. ती खोटी आहे. त्याने विकत घेतलेल्या गुरांवर 6666 हा डाग होता, तेच नाव पुढे चिकटलं.

रील्समध्ये टोपी, धूळ, मागे बर्फाचे डोंगर आणि पळणारे घोडे पाहून वाटतं, रँच म्हणजे घोड्यांचं माहेर. प्रत्यक्षात अशा बहुतेक रँचचं पोट गुरांवर भरतं. घोडा तिथे कामाला असतो.

पागा मालकाची, घोडा तात्पुरता

'रँच' हा शब्द स्पॅनिश 'रँचो'वरून आला. रोडिओ, ब्राँको, लॅरिएट हे सगळे शब्दही तिकडचेच. कारण अमेरिकन काउबॉयने घोड्यावरून गुरं हाकण्याची विद्या मेक्सिकोच्या 'वाकेरो' मंडळींकडून घेतली. हॉलिवूडने ती मंडळी बराच काळ फ्रेमच्या बाहेरच ठेवली, हा भाग वेगळा.

मोठ्या रँचवर कामाच्या घोड्यांचा जो ताफा असतो त्याला 'रेमुडा' म्हणतात. हाही स्पॅनिशच, अर्थ साधारण 'बदली'. एक घोडा दमला की दुसरा घ्यायचा. प्रत्येक काउबॉयला या ताफ्यातले काही घोडे वापरायला मिळतात, पण ते त्याचे नसतात. नोकरी सोडली की घोडे रँचवरच राहतात. मराठी वाचकाला हे समजायला सोपं जावं. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. पडद्यावर प्रत्येक काउबॉय शिलेदाराच्या थाटात फिरतो. खऱ्या मोठ्या रँचवर तो बहुतेक वेळा बारगीर असतो.

हे घोडे प्रामुख्याने 'क्वार्टर हॉर्स' जातीचे. पाव मैलाच्या शर्यतीत इतर जातींना मागे टाकणारे, म्हणून हे नाव. गुरं हाकताना यांची खरी किंमत कळते. कळपातून एखादं वासरू वेगळं काढायचं असेल तर चांगला शिकवलेला घोडा ते कुठे पळणार हे ओळखून स्वतःच आडवा जातो. स्वाराने फक्त टिकून बसायचं. 'यलोस्टोन'मध्ये असे बरेच प्रसंग आहेत आणि ते खोटे वाटत नाहीत, कारण शेरिडन स्वतः घोडेस्वार आहे. घोड्यांचा व्यापारी ट्रॅव्हिस ही भूमिका त्यानेच केलीय आणि कलाकारांना शूटिंगआधी 'काउबॉय कॅम्प'मध्ये घासून घेतलं होतं.

दोन गोष्टी मात्र जवळपास सगळेच चुकवतात. एक म्हणजे पडद्यावरचा घोडा सतत खिंकाळतो. खरा घोडा बराचसा गप्प असतो. दुसरं म्हणजे पडद्यावर सगळे भरधाव जातात. दिवसभर काम करायचं असेल तर घोडा चालवतात किंवा दुडक्या चालीने नेतात. दर वेळी पळवला तर दुपारपर्यंत घोडाही संपेल आणि गुरांच्या अंगावरचं मांसही.

घोडा मोडायचा की समजावायचा?

जुन्या वेस्टर्न सिनेमांत घोडा शिकवण्याची एकच पद्धत दिसायची. दोराने पकडा, खोगीर घाला, वर बसा आणि तो उड्या मारून थकेपर्यंत चिकटून राहा. इंग्रजीत याला घोडा 'तोडणं' म्हणतात. आपल्याकडेही घोडा शिकवणाऱ्याला जुना शब्द आहे चाबूकस्वार. नावातच पद्धत आली.

हे चित्र सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी बदललं ते 1998 च्या 'द हॉर्स व्हिस्परर'ने. निकोलस इव्हान्सच्या कादंबरीवरचा रॉबर्ट रेडफर्डचा सिनेमा. ट्रकच्या अपघातात एका मुलीचा पाय जातो आणि तिचा घोडा पिलग्रिम बिथरतो. आई दोघांनाही घेऊन मोंटानातल्या एका रँचवर पोहोचते. ती मुलगी म्हणजे लहानगी स्कार्लेट जोहान्सन.

या सिनेमाचा सल्लागार आणि काही दृश्यांत रेडफर्डचा डबल होता बक ब्रॅनमन. हा माणूस सिनेमापेक्षा जास्त सिनेमॅटिक आहे. लहानपणी दोरीचे खेळ करून दाखवायचा आणि घरी वडिलांचा बेदम मार खायचा. पुढे दुसऱ्या कुटुंबाने त्याला सांभाळलं. घोड्याला भीती दाखवून काही शिकवता येत नाही, हे तो का सांगतो, ते त्याच्या आयुष्यावरच्या 'बक' या 2011 च्या माहितीपटात दिसतं.

त्याची पद्धत ऐकायला साधी आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, चारी दिशांना लक्ष आणि धोका वाटला की पहिला विचार पळण्याचा. म्हणून आधी थोडा दाब द्यायचा. तो लगामाचा असेल, पायाचा असेल किंवा नुसतं आपण त्याच्या दिशेने चालत जाण्याचा. घोड्याने योग्य दिशेला एक पाऊल जरी टाकलं तरी त्या क्षणी दाब काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो दाब सुटल्यावर. सगळं कसब त्या सोडण्याच्या वेळेत आहे. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर घोडा भलतंच शिकतो.

गंमत म्हणजे 'द हॉर्स व्हिस्परर'च्या शेवटाकडे हिरो घोड्याचा पाय दोराने बांधून त्याला जमिनीवर बसवतो. हे बघून अनेक घोडेवाल्यांनी नाकं मुरडली, कारण हे समजावणं कमी आणि शरण आणणं जास्त. टीका बरोबरच होती. सिनेमाला दोन-अडीच तासांत शेवट हवा असतो. बिथरलेल्या घोड्याला महिनेच्या महिने लागतात.

वेळ घ्यायची सोय सिरीजला असते. कॅनडाची 'हार्टलँड' 2007 पासून चालू आहे आणि तासाभराच्या कॅनेडियन मालिकांमध्ये सर्वाधिक काळ चाललेली म्हणून ओळखली जाते. अल्बर्टा प्रांतात, हाय रिव्हर परिसरात तिचं शूटिंग होतं. पहिल्याच भागात एका घोड्याला सोडवून आणताना एमीच्या आईचा अपघाती मृत्यू होतो आणि त्याच जखमी घोड्याला बरं करता करता एमी सावरते. घरच्यांसोबत बसून बघता येईल अशी सौम्य मालिका. पण रँच चालवायला पैसे कुठून येतात हा प्रश्न ती सोडत नाही. लोकांचे घोडे शिकवून द्या, पर्यटकांना राहायला ठेवा, असे जोडधंदे सतत चालू असतात.

त्याला कारण आहे. साधारण 500 किलोचा घोडा दिवसाला 8 ते 10 किलो सुका चारा खातो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. शिवाय दात, जंत, लसी. आणि घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. त्यातली कामाची वर्षं बरीच कमी.

नको असलेला घोडा

मग उरलेल्या वर्षांचं काय? पडद्यावर हा विषय क्वचित येतो. आला होता तो थेट 1961 मध्ये, 'द मिसफिट्स'मध्ये. आर्थर मिलरची कथा, मेरिलिन मन्रो आणि क्लार्क गेबल. नेवाडात तीन काउबॉय विमान आणि ट्रक घेऊन रानटी घोडे पकडतात. कशासाठी? कुत्र्यांच्या खाद्यासाठी विकायला. मन्रोच्या पात्राला हे कळतं तेव्हा ती त्या मोकळ्या वाळवंटात उभी राहून किंचाळते.

ही कल्पना नव्हती. वेल्मा जॉन्स्टन या नेवाडातल्याच बाईने अशा घोड्यांसाठी लढा दिला. 1959 मध्ये सरकारी जमिनीवर गाड्या आणि विमानांनी घोडे पकडायला बंदी आली आणि 1971 मध्ये रानटी घोड्यांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला. पण पाळलेल्या घोड्यांचा प्रश्न राहिलाच. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले, त्यानंतर नको असलेले घोडे ट्रकमध्ये भरून मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ लागले. आणि कॅनडात हा धंदा कुठे होता? 'हार्टलँड'च्या अल्बर्टातही. एमी ज्या डोंगरांसमोर घोडे वाचवते, त्याच प्रांतातून घोड्याचं मांस निर्यात होत आलं आहे.

सेटवरच्या घोड्यांची गोष्टही फार वेगळी नव्हती. 1939 च्या 'जेसी जेम्स'साठी घोडा कड्यावरून पाण्यात ढकलला गेला आणि मेला. त्यावरून गदारोळ झाल्यावर 1940 मध्ये 'अमेरिकन ह्युमेन' संस्थेने हॉलिवूडमध्ये देखरेख सुरू केली. तरी 2012 मध्ये घोड्यांच्या शर्यतीवरची 'लक' ही मालिका तीन घोडे दगावल्यावर एचबीओला बंद करावी लागली.

'द रायडर' का बघावा?

या यादीतून एकच काही बघायचं असेल तर क्लोई झाओचा 'द रायडर' बघा. 2017 चा सिनेमा, 'नोमॅडलँड'साठी ऑस्कर मिळण्याच्या बऱ्याच आधीचा. साउथ डकोटातल्या पाइन रिज या आदिवासी राखीव प्रदेशात घडतो. हिरो ब्रेडी जँड्रो हा लाकोटा आहे, घोडे शिकवतो आणि रोडिओत उतरायचा. म्हणजे 'काउबॉय विरुद्ध इंडियन' हे हॉलिवूडचं जुनं भांडण इथे एकाच माणसात मिटतं.

2016 मध्ये रोडिओत घोड्यावरून पडून ब्रेडीची कवटी फुटली. डोक्यात धातूची पट्टी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, आता घोड्यावर बसू नकोस. झाओने त्याच वर्षी त्याला घेऊन हीच गोष्ट शूट केली. वडील आणि बहीणही त्याचेच खरे वडील आणि बहीण.

सिनेमात ब्रेडीच्या उजव्या हाताची मूठ अचानक वळते आणि सुटत नाही. लगाम धरणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ सांगायला नको. तो सुपरमार्केटमध्ये नोकरी धरतो. पैशासाठी घरचा लाडका घोडा विकावा लागतो. पुढे दुसरा घोडा तारेत अडकून जखमी होतो तेव्हा त्याला गोळी घालावी लागते. पाय गेलेला घोडा कामाचा नाही, म्हणून ही त्याच्यावर केलेली दया. मग डोकं फुटलेल्या स्वाराचं काय करायचं? जवळपास अशाच शब्दांत हा प्रश्न ब्रेडी स्वतःबद्दल बोलून दाखवतो आणि त्यापुढे सिनेमा कुठलंही संगीत लावून सांत्वन करत नाही.

मध्ये एक दृश्य आहे, तो एका न शिकवलेल्या घोड्याला पहिल्यांदा माणसाची सवय लावतो. अभिनय नाही. ब्रेडी खरंच घोडा शिकवतोय आणि कॅमेरा बाजूला उभा आहे. दाब, सोडणं, पुन्हा दाब. घोड्याचे कान हळूहळू त्याच्याकडे वळतात.

आणि शेवटी जमीन

(पुढे 'यलोस्टोन'च्या शेवटाचे स्पॉयलर आहेत.)

एवढे खून, एवढी भांडणं करून डटन कुटुंबाची रँच शेवटी का जाते? वारसा करामुळे. जमिनीची किंमत प्रचंड, हातात रोकड नाही आणि बाप गेल्यावर सरकारला द्यायचा कर भरायला जमीनच विकावी लागणार. महामार्गालगत शेती असलेल्या कुणालाही 'कागदावर कोट्यधीश, खिशात काही नाही' ही अवस्था समजेल. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या शेवटच्या भागात केस डटन ती जमीन मूळ आदिवासी समाजाला विकतो, एकरी फक्त सव्वा डॉलरने. त्याआधी रँचवरचे घोडे लिलावात निघालेले असतात.

प्रत्यक्षात मोंटानाच्या जमिनीचा प्रवास उलट्या दिशेने झाला. डार्बी गावाजवळची जी 'चीफ जोसेफ रँच' सिरीजमध्ये डटनांचं घर म्हणून दिसते, तिथल्या केबिन पर्यटकांना भाड्याने मिळतात. सिरीज बघून त्या भागात राहायला येणाऱ्यांची गर्दी वाढली. बाहेरचा श्रीमंत माणूस येऊन जमीन घेतो आणि स्थानिक रँचवाल्याला ती परवडत नाही, हीच जॉन डटनची पाच सीझनभरची तक्रार होती.

टेक्सासची 6666 मात्र अजून चालू आहे. गुरं आहेत, क्वार्टर हॉर्सची पैदासही आहे. तिच्यावर '6666' याच नावाची वेगळी सिरीज काढण्याची घोषणा 2021 मध्येच झाली होती.