हवेच्या ब्रशामागचा पंप

1879च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवात अब्नर पीलर यांनी रंग फवारणारं ओबडधोबड यंत्र घडवलं. लिबर्टी वॉकअप यांनी त्याचे हक्क घेऊन ते सुधारलं आणि एअरब्रश बाजारात आला. फोटो रंगवणाऱ्यांनी तो उचलून धरला.

हवा मात्र सुरुवातीला हातापायानेच भरावी लागे! मग गॅसच्या टाक्या आल्या, विजेचे पंप आले. घरी काम करणाऱ्या हौशी कलावंतांना सर्वांत जवळचा वाटला तो जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. आवाज जेमतेम आणि भंगारात स्वस्त.

त्याच्याबरोबर घरगुती दुरुस्तीची विद्याही रुजली, आणि ती खरोखर शहाणी आहे. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? कॉम्प्रेसरला जोडलेली हवेची टाकी रिकामी करून पाहायची. लगेच फिरली, तर पिस्टनवर हवेचा दाब अडकून राहतोय. संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर किंवा दाब सोडणाऱ्या झडपेवर घ्यावा. गळतीसाठी आजही साबणाचं पाणीच. सांध्यावर फासलं की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात.

टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी कामानंतर काढलंच पाहिजे, नाहीतर ती आतून गंजते. गंजलेली टाकी डागडुजी करून पुन्हा वापरू नये. दाबाखाली ती फुटू शकते.